माठाशेजारची डबी

खडकमाळ तालुक्याला त्या दिवशी चौदा टक्के जादा ऊन मंजूर झाले.

सकाळच्या भोंग्यावरून नगरपरिषदेने तो आकडा वाचून दाखवला. नळावरच्या बायकांनी वर पाहिले. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. गेल्या कित्येक दिवसांत नव्हता. आदल्या दिवशी आकडा बारा होता, त्याच्या आदल्या दिवशी अकरा. दुपारी गावातल्या सावलीत पारा सेहेचाळीसवर गेला. गावाबाहेरच्या माळावर तो किती असेल ते सांगायला तिथे कोणी यंत्र लावलेले नव्हते. तिथे फक्त मेंढपाळ होते.

नऊ वर्षांपूर्वी दक्षिण गोलार्धात एकापाठोपाठ तीन ज्वालामुखी फुटले आणि गंधकाचे सूक्ष्म कण वातावरणात फार उंचावर जाऊन बसले. शास्त्रज्ञ त्याला धूसर थर म्हणत, लोक नुसते मळभ म्हणत. सूर्य दिसायचा, पण त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहता यायचे. ज्वारीची कणसे भरेनाशी झाली. आंब्याला मोहोर यायचा आणि तसाच गळायचा. लहान मुलांची हाडे मऊ राहू लागली, तेव्हा सगळ्या देशांनी मिळून दर्पणमाला उभारली. पृथ्वीभोवती फिरणारे, कागदाहून पातळ असे हे आरसे. अवकाशात वाया जाणारे ऊन ते पकडत आणि जमिनीच्या ठरावीक तुकड्यावर टाकत. त्या उन्हाचे सरकारी नाव पूरक ऊन. लोकांच्या तोंडी जादा ऊन.

आरसे थोडे होते आणि मागणारे पुष्कळ. पहिल्या वर्षी ज्याचे वजन जास्त त्याच्या मतदारसंघावर आरसा वळला. त्यावरून दंगली झाल्या. मग करार झाला की वाटणी यंत्र करील आणि माणसाचा हात त्याला लागणार नाही. ज्या तालुक्याचे स्वतःचे ऊन कमी, त्याला आरशाचे जास्त. तत्त्व साधे होते. पण त्यासाठी प्रत्येक तालुक्यात रोज किती ऊन पडते, हे कळायला हवे होते.

ऊन मोजण्याचे उपकरण आहे. काचेच्या घुमटाखाली काळी चकती असते. ती किती तापते यावरून ऊन मोजतात. त्याला सौरमापी म्हणतात. हा घुमट रोज पुसावा लागतो, दरवर्षी तपासावा लागतो, आणि तपासणारी माणसे राज्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. उपग्रह वरून पाहत, पण त्यांना धूसर थर कोणता आणि ढग कोणता हे ओळखता येईना. तेव्हा ऊनवाटप केंद्राने एक जुनी युक्ती काढली. ती शंभर वर्षे शेतीशास्त्रज्ञ वापरत आले होते.

आकाश मोकळे असले की दिवस तापतो आणि रात्र निवते. ढग असले की दिवस तितका तापत नाही, आणि रात्री तेच ढग गोधडीसारखे ऊब धरून ठेवतात. म्हणजे दिवसाचे कमाल तापमान आणि रात्रीचे किमान तापमान यांतला फरक मोठा असेल तर ऊन भरपूर पडले, फरक लहान असेल तर ऊन कमी पडले. नुसत्या तापमापकावरून उन्हाचा अंदाज बांधता येतो. प्रत्येक गावासाठी हे गणित थोडे वेगळे असते. ते त्या गावच्या जुन्या नोंदींवर बसवून घ्यावे लागते. केंद्राने प्रत्येक तालुक्याच्या मुख्य गावात घरोघर काडेपेटीएवढी तापमापक डबी दिली, वर्षभर नोंदी घेतल्या, गणित बसवले. पाच वर्षे ते बिनतक्रार चालले.

आता धूसर थर विरळ होऊ लागला होता. सगळ्या तालुक्यांचे जादा ऊन हळूहळू उतरत होते. एकट्या खडकमाळचे चढत होते.

पुण्याच्या केंद्रात बसणाऱ्या डॉ. हर्षदा टिळेकर यांच्या ते लक्षात आले. एकाच तालुक्यावर ढग कसे, असा प्रश्न त्यांनी वरिष्ठांना विचारला. स्थानिक कारण असेल, असे उत्तर आले. त्यांनी केंद्रातला एक सौरमापी गाडीत घातला आणि त्या खडकमाळला आल्या.

*

नगरपरिषदेच्या गच्चीवर सौरमापी लावून तासभर झाला तेव्हा आकडा पाहायला हर्षदा खाली वाकली आणि तशीच राहिली.

"काय म्हणतंय तुमचं काचेचं वांगं?" मागून प्रश्न आला.

विचारणाऱ्या भामाबाई काळेल होत्या, नगरसेविका आणि पाणी समितीच्या अध्यक्ष. पन्नाशीच्या, पदर डोक्यावर, पायात कुणा पोराचे बूट. गच्ची तापली होती म्हणून त्यांनी वाटेत कोणाचे तरी मागून घातले होते.

"भामाबाई, मळभ आलं नव्हतं तेव्हा इथं वैशाखात जेवढं ऊन पडायचं ना, तेवढं आत्ता पडतंय. पूर्ण. आणि त्याच्यावर आरशाचं चौदा टक्के."

"मग त्ये आम्हास्नी कळतंय की. त्याला पुण्यास्नं वांगं कशाला आणाया पायजे?"

"तुम्हाला कळतंय, पण यंत्राला कळत नाही. यंत्र म्हणतंय इथं ढग आहेत."

"कुठं हायत? दावा मला. एक ढग दावा, त्याला पुरणपोळी घालते."

हर्षदा हसली, पण हसू टिकले नाही. भामाबाईंच्या हातातला फोन वाजत होता. पलीकडे त्यांची मुलगी मालन होती. ती आणि तिचा नवरा बिरू दीडशे मेंढरे घेऊन माळावर तळ टाकून होते. सोबत पाच महिन्यांची तान्ही हिरा. भामाबाईंनी फोन स्पीकरवर टाकला होता, कारण त्यांना कमी ऐकू येत होते.

"आये, आज आणि नऊ मेंढरं पडली," मालन म्हणाली. "आन् वरच्या तळावरचा दादू सरगर गेला. बसल्या बसल्या गेला. पाणी प्याला आन् कलांडला."

"पोरगी कशी हाय?"

"घोंगड्याच्या सावलीत ठिवलीया. रडत न्हाई."

भामाबाईंचा चेहरा त्या शेवटच्या दोन शब्दांवर बदलला. "रडत न्हाई म्हंजे? उठीव तिला. पाज. मालन, टाक ती मेंढरं आन् ये निघून."

"आन् हिकडं कोण बघंल? तू म्हणतीस तसं टाकाया त्येंचं काय पाय मोडलंत व्हय?"

फोन बंद झाला. हर्षदाने विचारले, "ट्रक पाठवता येणार नाहीत?"

"गेलं की तीन. माणसं आणाया ट्रक हाय, मेंढरं आणाया न्हाई. आन् मेंढरं टाकून माणूस येत न्हाई, बाई. तुमी तुमचं वांगं टाकून पुण्याला जाशीला का?" त्या जिन्याकडे वळल्या. "चला घरला. च्या घ्या. तुमचंबी त्वांड लाल झालंया."

*

भामाबाईंचे घर तीन खोल्यांचे, वर पत्रा, पुढे सिमेंटच्या पत्र्याची पडवी. उन्हातून आत पाऊल टाकताच हर्षदाला गारवा लागला. अंगणात नुकताच सडा पडला होता. पडवीच्या दोन्ही बाजूंना ओले गोणपाट टांगलेले, त्यातून वारा येत होता. कोपऱ्यात तिवईवर माठ, माठाला ओले फडके. माठाशेजारी बाजेवर भामाबाईंच्या सासूबाई, ठकूबाई, पडल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, आवाज पंचविशीतला.

"कोण आलंय गं? डागतर का?"

"डागतर न्हाई आत्याबाई, उन्हाच्या म्याडम हायत."

"मग त्येंनाच म्हणावं बंद करा की आता. लई झालं."

हर्षदा माठाच्या वर, भिंतीकडे पाहत होती. तिथे खिळ्याला केंद्राची डबी टांगलेली होती.

"ही डबी इथं कधीपासून आहे?"

"तुमचा माणूस लावून गेला तवापास्नं."

"सगळ्यांकडे इथेच? माठाजवळ?"

"मग? त्यो म्हणला, सावलीत पायजे आन् वारं खेळतं पायजे. घरात सावली आन् वारं असंल तितंच माठ ठिवत्यात. दुसरीकडं कुठं असतंया सावली?"

नियम बरोबर होता. तापमापक कधीही उन्हात टांगत नाहीत. त्याला सावली आणि वारा लागतो. केंद्राच्या पत्रकात तेच लिहिले होते. आणि खडकमाळच्या प्रत्येक घरात अशी एकच जागा होती. या गावाने पिढ्यान्‌पिढ्या टँकरची वाट पाहिली होती. कालव्याचे पाणी आले त्याला दहा वर्षे झाली नव्हती, आणि दारात दोन वेळा सडा घालणे, गोणपाट भिजवून टांगणे ही इथल्या बाईची नवी ऐट होती. दुसऱ्या कोणत्या तालुक्यात इतके पाणी असे उडवले जात नव्हते.

गणित बसवले त्या वर्षी मळभ दाट होते. उकाडाच नव्हता, मग गोणपाट कोण भिजवणार? डबीने खरे तेच सांगितले. मग थर विरळ झाला, ऊन वाढले, लोकांनी पाणी मारायला सुरुवात केली. पाणी वाळताना आसपासची उष्णता ओढून घेते. डबीजवळचे दिवसाचे तापमान उतरले. दिवसाचा आणि रात्रीचा फरक कमी झाला. यंत्राने त्याचा अर्थ लावला की आकाश ढगाळ आहे, आणि आरसा थोडा अधिक वळवला. ऊन आणखी वाढले. लोकांनी आणखी पाणी मारले.

हर्षदाने हे चहा पिता पिता भामाबाईंना सांगितले. भामाबाईंनी कप खाली ठेवला.

"म्हंजे जेवढं आमी गार व्हतोय तेवढा त्यो जास्त तापतोय."

"हो."

"आन् माळावर गोणपाट न्हाई."

"नाही."

"उद्या किती?"

"पंधरा-सोळा. आठवड्यात वीसच्या वर जाईल. मग गोणपाटानंही भागणार नाही. इथंही."

बाजेवरून ठकूबाई म्हणाल्या, "ह्या डबड्याला माळ घालून पूजा केली असती तरी एवढा कोपला नसता."

*

हर्षदाने केंद्राचे संचालक विश्वंभर खोत यांना फोन लावला. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"तुझं बरोबर आहे. पटलं मला. पण तुझ्याकडे एका दिवसाची नोंद आहे. हातानं बदल करायचा तर सात दिवसांची सलग मोजणी आणि मंडळाची बैठक, हे करारात आहे."

"सर, सात दिवसांत तिथं माणसं राहणार नाहीत."

"हर्षदा, हा हात मोकळा ठेवला असता तर पहिल्यांदा कोणाचा लागला असता, ते तुला माहीत आहे. आज तू चांगल्या कारणासाठी मागतेस. उद्या तुझ्याच सहीचा दाखला देऊन दुसरा मागेल."

"डब्या उन्हाकडे सरकवल्या तर?"

"हलली की डबी बाद होते. नव्या जागेवर वर्षभर सगळे ऋतू पाहिल्याशिवाय तिचा आकडा धरत नाहीत. सगळ्या बाद झाल्या तर यंत्र शेवटचा आकडा धरून बसतं. चौदा टक्के. वर्षभर."

"म्हणजे डब्या तिथंच राहायला हव्यात आणि पाणी थांबायला हवं."

"यंत्र तीन दिवसांची सरासरी घेतं," खोत म्हणाले. "मी हे तुला सांगितलेलं नाही."

संध्याकाळी मंगल कार्यालयात गाव जमले. हर्षदा बोलली तेव्हा सुरुवातीला हशा झाला. कोणीतरी मागून ओरडले, "म्हंजे आमच्या बायकांनी सडा घातला म्हणून सूर्व्या पेटला व्हय? सांगितलं तर पावणं हसतील." एका म्हाताऱ्याने विचारले, हे ज्यांनी पत्रक काढले ते पुण्यात पंख्याखाली बसलेत ना? हर्षदा म्हणाली, हो. मग हशा थांबला.

तिने काय करावे लागेल ते सांगितले. तीन दिवस सडा नाही, ओले पडदे नाहीत, पडवीत माठ नाही, कूलर नाही. प्यायला पाणी हवे तितके. अंगाला ओले फडके लावायला हरकत नाही. घर मात्र कोरडे राहिले पाहिजे, आणि घरात माणसे राहिली पाहिजेत, कारण गणित राहत्या घरांवर बसवले आहे; दारे-खिडक्या बंद करून गेले तर आकडा भलताच येईल. आजारी, म्हातारी, लेकुरवाळी यांच्यासाठी मंगल कार्यालय आणि दवाखाना; तिथे डब्या नाहीत, तिथे पाहिजे तितके पाणी मारा.

"आन् कुणी ऐकलं न्हाई तर?" एकाने विचारले.

"दहा घरांनी ऐकलं नाही तर चालेल. निम्म्यांनी नाही ऐकलं तर बाकीच्यांनी फुकट ताप सोसला असं होईल."

"आन् ह्यात कुणी मेलं तर?"

हर्षदा त्या माणसाकडे पाहत म्हणाली, "मरतील. काही जण मरतील. माळावरचे त्याहून जास्त मरतील, आणि पुढच्या आठवड्यात तुम्हीही. हा माझा अंदाज आहे. याहून जास्त माझ्याकडे काही नाही."

भामाबाई उठल्या. त्यांनी भाषण केले नाही. "माझी पोरगी माळावर हाय, म्हणून मी म्हणणारच," त्या म्हणाल्या. "तवा माझं ऐकू नगा. ज्येचं कुणी माळावर न्हाई त्यानं बोला."

मग किराणा दुकानदार भवरलालशेठ बसल्या जागेवरून म्हणाले, "माझं कोणी नाही. तीन दिवस ना? ठीक आहे."

*

ठकूबाईंनी मंगल कार्यालयात जायला साफ नकार दिला.

"तितं लग्नं लागत्यात. मी काय तितं मराया जाऊ? लोक म्हणतील थेरडी नटून गेली."

"आत्याबाई, चार लोकं उचलून नेतील बाजंसकट."

"मला उचलायचं त्ये एकदाच. दोनदा न्हाई."

त्यांना आतल्या खोलीत हलवण्यात अर्थ नव्हता. तिथे वर पत्रा होता. भामाबाईंनी माठ उचलून परसात नेला, गोणपाट काढून दोरीवर वाळत घातले. पडवीत दुपारचे ऊन तिरपे आत आले. ठकूबाईंनी ते पाहिले.

"सासू मारायला आता पुण्यास्नं माणसं बोलवाय लागलीस व्हय गं?"

"बोलू नगा. पाणी प्या."

"गरम हाय."

"हाय गरम. प्या."

पहिल्या दिवशी पडवीतला आकडा चव्वेचाळीस झाला. गावात विजेची वेळ सकाळ-संध्याकाळची होती. दुपारी पंखाही नव्हता. लोक उंबऱ्यात बसून होते. कोणी गुपचूप पाणी मारलेच तर शेजारीण तिथूनच हाक मारायची, "अगं, माळावरच्यांच्या अंगावर वततीस ते!" मारणारी हात आवरायची. दुसऱ्या दिवशी सकाळच्या भोंग्यावर आकडा आला: पंधरा, आदल्या सकाळी होता तोच. आदल्या दिवशीचा एकच कोरडा दिवस सरासरीत आला होता. आकडा चढायचा थांबला होता, उतरला नव्हता. आरसा तसाच होता. त्या दिवशी गावात चार जण गेले. एक तरुण होता; त्याला जपायला हवे असे कोणाला वाटलेही नसते, कारण तो आजारी आहे हेच कोणाला माहीत नव्हते.

हर्षदा दुपारी भामाबाईंकडे आली. ठकूबाईंचे डोळे मिटलेले होते. कपाळावरचे फडके भामाबाई दर थोड्या वेळाने बदलत होत्या. मालनचा फोन लागत नव्हता.

"एक गोणपाट," भामाबाई म्हणाल्या. त्या हर्षदाकडे न बघता बोलत होत्या. "ह्या बाजूचं एकच. तेवढ्यानं काय हुतंया?"

हजारो घरांतल्या एका घरातल्या एका गोणपाटाने काही होत नाही. हर्षदाला ते आकड्यांत सांगता आले असते. गावातल्या प्रत्येक घरात या घडीला कोणीतरी नेमके हेच म्हणत असेल, हेही तिला दिसत होते.

"तुम्ही ठरवा," ती म्हणाली.

"तुमी कशाला आलाय मग?"

भामाबाई उठल्या, परसात गेल्या. हर्षदाला बादलीत गोणपाट बुडवल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही आवाज आला नाही. भामाबाई परत आल्या त्या रिकाम्या हातांनी.

तिसऱ्या दिवशी सकाळी भोंग्यावर आकडा आला: सहा. लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांना उद्याचा ऐकायचा होता. ठकूबाई दुपारी गेल्या. शेवटी त्यांनी पाणी मागितले नव्हते, नुसते म्हणाल्या होत्या, "भामे, दार उघड, कुणी आलंया." दारात कोणी नव्हते.

चौथ्या दिवशी आकडा शून्य झाला. संध्याकाळी मालनचा फोन आला. हिरा रडत होती. तिचा आवाज पलीकडून स्पष्ट ऐकू येत होता, आणि भामाबाई कितीतरी वेळ तोच ऐकत उभ्या राहिल्या.

*

त्या तीन दिवसांत खडकमाळमध्ये नऊ माणसे गेली. ही मोजलेली संख्या आहे. वाचली किती, असे पत्रकारांनी डॉ. टिळेकरांना विचारले तेव्हा त्यांनी एक आकडा दिला, आणि तो अंदाज आहे असे दोनदा सांगितले. छापताना काही वर्तमानपत्रांनी ते वाक्य गाळले.

मंडळाची बैठक सातव्या दिवशी झाली. सौरमापीच्या सात दिवसांच्या नोंदी समोर होत्या; त्यांवरून खडकमाळचे जादा ऊन त्या उन्हाळ्यापुरते हाताने बंद केले गेले. प्रत्येक तालुक्यात सौरमापी बसवायचा ठराव झाला, मागणी नोंदवली गेली, पुरवठ्याला काही वर्षे लागतील असे उत्तर आले. तोवर काय, हा प्रश्न यंत्रानेच सोडवला. त्याने खडकमाळच्या सगळ्या डब्यांचे आकडे सौरमापीशी ताडून पाहिले. बहुतेक डब्या कधी खऱ्या, कधी खोट्या होत्या. थोड्या घरांच्या डब्या त्या तीन दिवसांत जवळजवळ तंतोतंत जुळत होत्या, आणि त्यांतही एक सर्वांत अचूक होती. यंत्राने तिला सर्वाधिक वजन दिले. पुढच्या उन्हाळ्यापासून तालुक्यातल्या उन्हाचा अंदाज मुख्यत्वे त्या एका घरावरून बांधला जाऊ लागला. बाकीच्यांनी सडा घालावा, गोणपाट भिजवावेत. त्यांच्या डब्या आता हिशेबात जवळपास नव्हत्याच.

ते घर भामाबाई काळेलांचे होते. घर राहते असले पाहिजे आणि कोरडे असले पाहिजे, एवढ्या दोन अटी. बदल्यात वीजबिल माफ आणि वर्षाला एक सत्कार.

पुढच्या वैशाखात हर्षदा डबी तपासायला आली तेव्हा पडवीत मालन होती. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच ती चार दिवस माहेरी राहायला आली होती. बिरू मेंढरांपाशी होता. हिरा दीड वर्षाची झाली होती, पायांवर उभी राहत होती, पण त्या दुपारी बाजेवर निपचित पडली होती. अंगात ताप होता. मालनने घरात सापडलेले एक जुने गोणपाट बादलीत भिजवून दाराला लावायला घेतले होते, आणि भामाबाईंनी त्याचे दुसरे टोक धरून ठेवले होते.

"आये, सोड."

"शेजारी भवरलालशेठच्या घरात गार हाय. तितं ने तिला."

"माहेराला येऊन शेजाऱ्याच्यात निजवू लेकराला?"

"ने म्हणते ना."

"एवढा एक पडदा, आये. दोन तास."

भामाबाईंनी हर्षदाला पाहिले. त्यांनी गोणपाट सोडले नाही. त्याचे पाणी दोघींच्या पायांवर गळत होते.

"बाई," त्या म्हणाल्या, "आता तुमीच सांगा. दोन तास ह्यो पडदा लावला तर चालंल का?"

हर्षदाने मनात हिशेब केला. तो अवघड नव्हता. दोन तासांत या डबीचा कमाल आकडा दीड-दोन अंशांनी उतरेल. तीन दिवसांच्या सरासरीत तो पाऊण अंशाहून कमी राहील. तेवढ्याने आरसा अर्धा टक्का वळेल, फार तर पाऊण. कोणी मरणार नाही. एक दिवस चालेल. तिने तसे सांगायला तोंड उघडले.

"थांबा," भामाबाई म्हणाल्या. "खरं सांगू नगा. व्हय म्हणलासा तर मी उद्याबी इचारीन. परवाबी. न्हाई म्हणा."

मालन दोघींकडे आळीपाळीने बघत होती. बाजेवर हिरा कण्हली.

"नाही," हर्षदा म्हणाली. "चालणार नाही."

भामाबाईंनी मान हलवली. मालनच्या हातून गोणपाट सोडवून घेतले, उन्हात नेऊन दोरीवर टाकले, आणि आत येऊन नातीला उचलून शेजारी घेऊन गेल्या. मग त्या एकट्याच परत आल्या आणि पडवीत, डबीखाली, बसून राहिल्या.